जगूभाऊंचा डावा हात

जगन्नाथ सावे डावा हात खांद्याच्या वर नेत, तेव्हा कारखान्यातले सगळे आवाज थांबत. सगळे म्हणजे सगळे. छिन्नीवर पडणारे हातोडे थांबत, कानशी थांबत, बोलणे थांबे, आणि पहिल्या दीड महिन्यानंतर भिंतीपलीकडच्या शेडमधले प्रेसही थांबू लागले. मग पाण्यात चर्र असा आवाज होई. जगूभाऊ मान कलती करून ऐकत. वाफ बसली की "बसलं" एवढेच म्हणत आणि हात खाली घेत. हातोडे पुन्हा सुरू होत.

त्या कारखान्यात लोकांशी बोलण्याचा पगार मला मिळत होता. दर शनिवारी जेवणाच्या सुटीनंतर मी कामगारांची सभा घेत असे. तशी शांतता मला एकाही सभेत मिळाली नाही. जगूभाऊंविषयी लिहिताना ही गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी.

तारापूरकडे सोनारांसाठी डाय कोरणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची. त्यावर पातळ पत्रा दाबला की पान, फूल, मोर उठून येतो. एका डायला दहा-बारा दिवस लागत, नक्षी बारीक असेल तर महिना. कोरेपर्यंत पोलाद मऊ असते. कोरून झाले की ठोकळा भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात, म्हणजे तो कडक होतो. याला पाणी देणे म्हणतात. पाणी चुकले तर डायला केसाएवढा तडा जातो. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही, पण जाताना टिच् असा बारीक आवाज करतो. त्या आवाजासाठी ती शांतता होती. तारापूरच्या कारखान्यात एकतीस जण कोरीत आणि एकटे जगूभाऊ पाणी देत. प्रत्येकाची मेहनत शेवटी त्यांच्या सांडशीत येई.

सोन्यावर निर्बंध आले आणि सोनारांची मागणी आटली. तारापूरच्या वृद्ध मालकांनी कारखाना पालघरच्या एका कंपनीत विलीन केला. ही कंपनी प्रेसवर पितळी पत्रा दाबून बटणे, बक्कल आणि बिल्ले काढी. तिची शेड कोळगावच्या रस्त्याला होती. तारापूरच्या लोकांनी रोज सकाळी कंपनीच्या ट्रकने बोईसरमार्गे पालघरला यायचे, असे ठरले.

मी मुंबईच्या एका सायंदैनिकात अडीच वर्षे उपसंपादक होतो. ते बंद पडले आणि मला इथे कामगार कल्याण अधिकारी म्हणून जागा मिळाली. व्यवस्थापक पहिल्या दिवशी जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवले होते: "लोक बिथरलेत. सहा महिन्यांनी एकतीसपैकी पंचवीस तरी जागेवर दिसले पाहिजेत. दिसले तर तुम्ही कायम. नाही तर तुम्हालाही ठेवता येणार नाही."

बिथरायला कारणे होती. तारापूरची माणसे जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात ठोकळा धरून कोरणारी. इथे उंच बाके आणि स्टुले होती. पालघरचे प्रेसवाले त्यांना पाहायला दारात उभे राहत. त्यांच्यातला भास्कर तोंडाचा तिखट होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आले मांडीवाले. पंगत मांडू काय, भाऊ?"

जगूभाऊ भट्टी लावत होते. मान न वळवता म्हणाले, "मांड. पन वाढायला तूच ये."

शेड हसली. भास्करही हसला. मी त्याच दिवशी एक नोटीस लावली. परस्परांविषयी आदर बाळगावा, असा तिचा आशय होता. तिच्यापुढे कोणी थांबल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एकंदर अकरा नोटिसा लावल्या. एक सूचना पेटी ठेवली. तिच्यातून सहा महिन्यांत तीन गोष्टी निघाल्या: पंख्याची मागणी, विडीचे थोटूक, आणि पंख्याचीच मागणी दुसऱ्या हस्ताक्षरात. कामगार मला आपसांत 'नोटीसवाले' म्हणत.

स्टुलांचा प्रश्न जगूभाऊंनी तिसऱ्या दिवशी मिटवला. पोलादाचे ठोकळे ज्या लाकडी खोक्यांतून येत, ती खोकी त्यांनी बाकांमागे एकाला एक लावून ठेवली आणि वर फळ्या टाकल्या. स्टुलाच्या उंचीचा एक ओटा तयार झाला. त्यावर एकतीस जण मांडी घालून बसले. व्यवस्थापक दारातून डोकावले. त्यांना बाकांमागे डोक्यांची सरळ रांग दिसली आणि ते समाधानाने गेले. मी जगूभाऊंना विचारले, परवानगी घेतली होती का? ते म्हणाले, "सायबांना डोकी पायजेत, ती दिसली. पाय कुठं हायत ते इचारलं नाय त्यांनी."

तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे असावे. अंगाने बारके, अंगात बिनबाह्यांची गंजी, खाकी अर्धी चड्डी. भट्टीच्या धगीने भुवया जवळजवळ उरल्या नव्हत्या. त्यामुळे चेहरा सतत काहीतरी विचारल्यासारखा दिसे. सहीपुरती अक्षरे येत. पोलाद किती तापवायचे हे ते रंगावर ठरवत आणि रंगासाठी त्यांचे एकच माप होते: "सूर्य दर्यात टेकतो ना, त्या वक्ताचा. उगवतीचा नाय." दुसरी सवय पाणी चाखण्याची. रोज सकाळी हौदातल्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावत आणि थुंकत. भास्कर याला 'नैवेद्य' म्हणे.

चौथ्या दिवशी त्यांनी बोट चाखले आणि माझ्याकडे आले. "साहेब, हितलं पानी गोडं हाय. आमच्या इहिरीचं मचूळ. थोडं मीठ लागंल."

मी सांगितले की नवी वस्तू हवी असेल तर मागणीपत्र भरावे लागते आणि मंजुरीला दोन दिवस लागतात. नियम तसाच होता. दुपारी व्यवस्थापक पहिल्या डायला पाणी देताना पाहायला येणार होते. तो कार्यक्रम मीच ठरवला होता आणि त्याची नोटीसही लागली होती. "आज राहू द्या," जगूभाऊ म्हणाले. मी म्हणालो, आज होणे आवश्यक आहे.

ती डाय काशिनाथ राऊतची होती. काशिनाथ अठ्ठावीस वर्षांचा, सगळ्यांत चांगला हात. बक्कलावरची वेलबुट्टी त्याने तारापूरलाच कोरायला घेतली होती. जगूभाऊंनी डावा हात वर केला. चर्र झाले. आणि त्याच्या पाठोपाठ टिच्. तो आवाज सर्वांनी ऐकला, व्यवस्थापक सोडून. त्यांना तो काय आहे हे समजावून सांगावे लागले.

ओट्यावरून कोणीतरी म्हणाले, "हितलं पानी आपलं नाय." दुसऱ्याने तेच म्हटले. काशिनाथ उठून उभा राहिला होता. त्याच्या मागे आणखी पाच-सहा जण. ते काय बोलणार हे मला दिसत होते. पंचवीसचा आकडाही दिसत होता.

जगूभाऊंनी हात खाली घेतला. "पानी चांगलं हाय," ते म्हणाले. "माझा हात चुकला."

"तुमचा?" काशिनाथने विचारले.

"माझाच. रंग चढला जादा. डोळं म्हातारं झालं, बाबा. बस तू."

तारापूरमध्ये त्यांच्या हातून डाय गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. लोक बसले. म्हाताऱ्या माणसाची चूक झाली, एवढाच तो विषय राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उपरण्याच्या गाठीत मीठ बांधून आले आणि शेडमध्ये कोणी नसताना हौदात ढवळले. मी पाहतो आहे हे पाहून म्हणाले, "कुनाला सांगू नका, साहेब. पान्यावरून मन उठलं की मानूस उठतो."

मी कोणाला सांगितले नाही. त्यांना मात्र मनात माफ करता आले नाही, कारण चूक त्यांची नव्हती हे आम्हा दोघांनाच माहीत होते आणि त्यांनी त्याविषयी माझ्यापुढे पुन्हा चकार शब्द काढला नाही. ते एकदा जरी म्हणाले असते, मागणीपत्राने डाय फोडली, तरी बरे वाटले असते.

खरी परीक्षा रोज सकाळी बोईसरला होई. त्या काळात तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. आमचा ट्रक बोईसरला चहासाठी थांबे. समोरच ठेकेदाराचा ट्रक उभा असे आणि त्याचा मुकादम फळीवर उभा राहून ओरडे, "फिटर है क्या? छिन्नी चलानेवाला है क्या? आ जाओ, पालघर में क्या रखा है?" रोजचे हे आमंत्रण आणि रोज दहा मिनिटांचा थांबा. शिवाय ते काम घराजवळ. लोकांना आणायला मीही ट्रकबरोबर जाई. ड्रायव्हरशेजारी बसत असे आणि उतरून लोकांना कंपनीच्या भविष्याविषयी सांगत असे. माझे वाक्य ठरलेले होते: आता आपण सगळे एका कुटुंबातले आहोत. एकदा काशिनाथने शांतपणे विचारले, "मंग साहेब, तुमी पुढं का बसता?"

जगूभाऊ मागच्या फळीशी बसत. ते कोणाला काही सांगत नसत. लोकच त्यांना सांगत. बायकोचे बाळंतपण, भावाचे भांडण, होडीचे फाटलेले शीड. ही सगळी माहिती माझ्या फायलीत असायला हवी होती.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी काशिनाथ चहाचा पेला ठेवून सरळ ठेकेदाराच्या ट्रककडे निघाला. मी हाक मारली. तो थांबला नाही. जगूभाऊ फळीवरूनच म्हणाले, "काशिनाथ, जातूस?"

"जातो, भाऊ."

"जा. चांगलं हाय. घराजवळ हाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हातातल्या डायचं काय?"

काशिनाथ थांबला. "अर्धी हाय."

"कुनाला देऊ पुरी कराया? रामाला देऊ?"

"रामा?" काशिनाथ म्हणाला. "त्यो माझ्या मोराचा कोंबडा करंल."

सगळा ट्रक हसला. ओट्यावर त्याच्या शेजारी बसणारा रामा त्याच्याकडे पाहून म्हणाला, "तुझा मोर तरी कुठं नाचतोय?" काशिनाथ परत आला आणि ट्रकवर चढला. "पुरी झाली की जाईन," तो म्हणाला. जगूभाऊ म्हणाले, "नक्की जा."

डाय आठ दिवसांत पुरी झाली. काशिनाथ गेला नाही. का, हे मला बरेच दिवस कळले नाही. मग मी नोंदी काढल्या आणि तारखा शेजारी शेजारी मांडल्या. कोरून झालेली डाय जगूभाऊ लगेच पाणी द्यायला घेत नसत. दोन-तीन दिवस ठेवत. "भट्टी भरली हाय," म्हणत. तेवढ्यात त्या माणसापुढे नवा ठोकळा येई, त्याची आखणी होई, पहिल्या रेघा पडत. तेव्हा कुठे जुन्या डायला पाणी मिळे. सहा महिन्यांत त्या ओट्यावर कोणाचा हात एक दिवसही रिकामा नव्हता. आणि अर्धी डाय दुसऱ्यावर टाकून तारापूरचा माणूस सहसा जात नाही. मी अकरा नोटिसांमध्ये जे लिहू शकलो नाही ते त्यांनी भट्टी भरली आहे या तीन शब्दांत केले होते, आणि भट्टी भरलेली नसे.

मी त्यांना तसे म्हणालो. ते हसले. "तुमी तारखा लिवता व्हय? मला वाटलं सभाच घेता."

प्रेस थांबू लागले ते काशिनाथ बोईसरहून परत फिरला त्याच सुमारास. आधी भास्कर थांबला. त्याच्या प्रेसवर काशिनाथची डाय लागायची होती आणि ती फुटू नये एवढाच त्याचा स्वार्थ असावा. जगूभाऊंचा हात वर गेलेला दारातून पाहिला की तो मागे वळून म्हणे, "थांबा रे, नैवेद्य चाललाय." मग सगळी शेड थांबे. व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारले, हे काय? मी सांगितले, दोन्हीकडच्या लोकांत एकोपा वाढतो आहे. त्यांनी मान हलवली. "चांगलं काम करताय," ते मला म्हणाले.

मी आभार मानले.

सहा महिने संपले तेव्हा एकतीसपैकी अठ्ठावीस जागेवर होते. मुंबईच्या संचालकांसाठी अहवाल मी लिहिला. नऊ पानांचा. त्यात सभा होत्या, नोटिसा होत्या, बसण्याच्या व्यवस्थेतील सुधारणा होती, नव्या कामाचे नियोजन जुने काम संपण्याआधी करण्याची पद्धत होती. ही पद्धत कोणी सुरू केली ते लिहिलेले नव्हते. वाक्यरचनाच अशी होती की कर्ता लागू नये. जगन्नाथ सावे हे नाव अहवालात एकदा आले, पाचव्या पानावर: "पहिल्या आठवड्यात एका डायला तडा गेला, पाणी देताना आपली हातचूक झाल्याची कबुली कारागीर श्री. जगन्नाथ सावे यांनी सर्वांसमक्ष दिली."

वृत्तपत्रात मी शिकलो होतो की प्रत्येक वाक्य खरे असले पाहिजे. हे खरे होते. त्यांनी तसे म्हटले होते आणि सर्वांसमक्ष म्हटले होते. कोणती खरी वाक्ये घ्यायची आणि कोणती गाळायची, हे उपसंपादकाकडे असते. ते वाक्य लिहिताना मला राग आलेला नव्हता. मी ते दोनदा वाचले आणि राहू दिले.

मी कायम झालो. अडीच महिन्यांनी विजेची भट्टी आली. तापमान दाखवणारा काटा आणि मुंबईचा एक तरुण तिच्याबरोबर आला. जगूभाऊंसाठी पत्र आले. वय आणि पूर्वीच्या हातचुकीची नोंद लक्षात घेता त्यांची सेवा पुढे आवश्यक नाही, असे त्यात होते. त्यांना वाचता येत नसल्याने पत्र वाचून दाखवणे माझ्याकडे आले.

माझ्या खोलीत ते उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. काशिनाथ आणि रामा दारात आले होते. मी पत्र सावकाश वाचले.

"हातचूक म्हंजे?" त्यांनी विचारले.

"पहिल्या आठवड्यातली डाय. काशिनाथची."

ते माझ्याकडे पाहत राहिले. भुवया नसलेला तो चेहरा नेहमीच काही विचारत असे. त्या दिवशीही तसाच होता. त्यांना एका वाक्याची गरज होती आणि ते वाक्य त्यांना माहीत होते, मलाही माहीत होते. दारात काशिनाथ उभा होता.

"हां," ते म्हणाले. "ती माझीच."

पत्राची घडी करून त्यांनी गंजीच्या आत ठेवली. काशिनाथ म्हणाला, "भाऊ, आमी पन येतो. समदे येतो."

"हातात काय हाय तुझ्या?"

काशिनाथने रामाकडे पाहिले.

"काय हाय?"

"बिल्ल्याची डाय. अर्धी."

"मंग?" जगूभाऊ म्हणाले आणि बाहेर पडले. भट्टीपाशी जाऊन त्यांनी सांडशी उचलली. ती त्यांची स्वतःची होती. मुंबईच्या तरुणाला हौद दाखवला आणि काहीतरी सांगितले. त्याने मला नंतर विचारले, "ते आजोबा पाण्यात मीठ टाका म्हणत होते. वेडे आहेत का?" मी म्हणालो, टाका. कारण मात्र सांगितले नाही.

अठ्ठावीस जणांपैकी कोणीही गेले नाही. संचालकांच्या पत्रात याबद्दल माझा उल्लेख होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिले. दुसऱ्या वर्षी रामाच्या बहिणीचे लग्न दांडीला होते. जेवणे आटोपल्यावर मी किनाऱ्याकडे चालत गेलो. सुरूच्या झाडांखाली एक लहान भट्टी पेटलेली दिसली आणि तिच्याभोवती सात-आठ कोळणी. कोणाच्या हातात विळी, कोणाच्या कोयता. मध्ये जगूभाऊ उकिडवे बसले होते. त्याच गंजीत.

"या साहेब," ते म्हणाले. बायकांना म्हणाले, "आमचे साहेब हायत. सरका जरा."

एक म्हातारी म्हणाली, "साहेब असूंदे. नंबर माझा हाय."

त्यांनी शेजारच्या घमेल्याकडे बोट दाखवले. "हितं मीठ घालावं लागत नाय. दर्यानं आधीच घातलंय." मग लोकांची चौकशी केली, एकेकाचे नाव घेऊन. काशिनाथच्या हातात सध्या काय आहे ते विचारले. प्रेस अजून थांबतात का, ते विचारले नाही. थांबत होते. नव्या भट्टीला त्याची गरज नव्हती, तरी तिचे दार उघडल्याचा आवाज आला की भास्कर कळ दाबून प्रेस बंद करी. हे मी त्यांना सांगू शकलो असतो. सांगितले नाही. बायका त्यांच्याभोवती ज्या तऱ्हेने बसल्या होत्या तिकडे मी पाहत होतो. जगूभाऊंना तिथे येऊन वर्षही झाले नव्हते.

ते म्हातारीच्या विळीचे पाते उलटे करून निखाऱ्यात धरून होते. समुद्रावर अजून ऊन होते. दर्यात टेकणारा सूर्य दिसायला बराच अवकाश होता, पण पात्याचा रंग हळूहळू तिकडे चालला होता. मी वर्षभर जुळवून ठेवलेले वाक्य काढले.

"जगूभाऊ, त्या अहवालात मी तुमच्याविषयी जे—"

त्यांचा डावा हात वर गेला.

मी थांबलो. बायका थांबल्या. नंबर सांगणारी म्हातारीही थांबली. पाते पाण्यात गेले, चर्र झाले, आणि त्यांनी मान कलती केली. टिच् झाले नाही. वाफ सुरूच्या फांद्यांत जाऊन विरली.

"बसलं," जगूभाऊ म्हणाले, आणि उजव्या हाताने पाते म्हातारीपुढे धरले.

डावा हात मात्र त्यांनी बराच वेळ खाली घेतला नाही.